मोम्बासातून: नाशिकच्या कीर्तनमंडळींची तयारी आणि लेकीची दहावी

शरणपूरची_सून

सलाम मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल.

माहेर निफाड, लग्नानंतर नाशिकला शरणपूर रोडवर. गेले नऊ महिने आम्ही चौघं केनियात मोम्बासाला राहतोय. नाशिक परिसरातल्या मंडळ्यांमधून अकरा जणांचं एक पथक ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांसाठी इकडे येणार आहे. मराठी ख्रिस्ती कीर्तन, भजनं आणि सोबत एक सुतारकाका, जे इथल्या मुलांना रंधा-पटाशी शिकवतील. मोम्बासा, राबाई, मालिंदी, व्होई असा मार्ग आहे. पथकाच्या आधी येऊन सगळी घडी बसवायची हे आमचं काम. हे ऑनलाइन ड्रॉइंगची कामं करतात, त्यावर घर चालतं. उरलेला वेळ या कामाला.

घडी बसवणं म्हणजे काय, तर प्रत्येक गावातल्या पाळकांना दोन-दोन, तीन-तीनदा भेटणं. अकरा जणांना कोणाच्या घरी उतरवायचं ते ठरवणं. उघड्या मैदानावर कार्यक्रम असेल तर पोलिसांना आधी कळवणं. खुर्च्या, माइक, दुभाषी, पिण्याचं पाणी. आणि मराठी कीर्तन म्हणजे नेमकं काय, हे स्वाहिलीत समजावून सांगणं. हे शेवटचं सर्वांत कठीण, कारण गाणं म्हणावं तर गोष्ट निघते आणि प्रवचन म्हणावं तर माणूस झांजा वाजवतो.

आता माझा प्रश्न. थोरली नववीत आहे. नाशिकला सेमी इंग्रजीत होती, इथे वेगळ्या अभ्यासक्रमाच्या शाळेत घातली. जूनमध्ये तिची दहावी सुरू होते आणि पथक येतं ऑगस्टमध्ये. तिला जूनलाच सासूबाईंकडे नाशिकला पाठवावं का? की सगळ्यांनी इथेच थांबावं आणि दहावीचं काहीतरी वेगळं बघावं? की काम दुसऱ्यांवर सोपवून आम्हीच परत फिरावं? धाकटा दुसरीत आहे, त्याची चिंता नाही.

परदेशात मुलांना घेऊन अशा कामासाठी राहिलेले कोणी असतील तर कृपया लिहा. रात्री झोप लागत नाही.

---

मेथीचे_लाडू

वाचतेय. उत्तर नाही माझ्याकडे, पण खायचं काय करता तिकडे?

---

सातपूरकर

आधी एक विचारतो. ऑगस्टची तारीख पक्की आहे का? पथक दिवाळीच्या सुट्टीत नेलं तर लेकीची पहिली सत्र परीक्षा होऊन जाईल, तिलाही येता येईल.

---

दूरदेशी

सातपूरकर, दिवाळीत नको. मी चार वर्षं नैरोबीला होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा छोटा पावसाळा आणि मार्च ते मे मोठा. किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये हवा त्यातल्या त्यात बरी, समुद्राकडून वारा असतो. उघड्यावर कार्यक्रम करायचे तर तेच दिवस योग्य.

शरणपूरची_सून, पथकासाठी काही गोष्टी लिहून ठेवा:

पिवळ्या तापाची लस प्रत्येकाने घ्यायचीच. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि तिथला नंबर आधी लावावा लागतो. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. बहुतेकांना वाटतं की केनियात उतरताना विचारतील. खरी विचारणा भारतात परतताना होते. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

व्हिसा आता नाही, जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाआधीची परवानगी, काढावा लागतो. निघण्याच्या आदल्या दिवशी करायचं काम नव्हे ते.

प्लास्टिकच्या कॅरीबॅग बॅगेत भरू नका. २०१७ पासून तिथे बंदी आहे आणि दंड मोठा आहे. चिवडा-लाडू डब्यात किंवा कापडी पिशवीत.

प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू कराव्या लागतात, किनाऱ्यावर मच्छर आहेत.

लेकीबद्दल नंतर लिहितो, त्यावर विचार करायला हवा.

---

शरणपूरची_सून

दूरदेशी, मनापासून आभार. कॅरीबॅगचं यादीत नव्हतं, आता टाकलं.

मेथीचे_लाडू, खाण्याचे हाल नाहीत हो. इथे तुरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजवतात, त्याला म्बाझी म्हणतात. सोबत महामरी, म्हणजे वेलचीचा वास असलेली तळलेली गोडसर पुरी. सकाळी सकाळी हेच खातात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा वाटलं, कोकणातल्या कोणाच्या तरी घरी बसलेय. चपातीला चपातीच म्हणतात आणि चहाला चाय. गुजराती दुकानात बाजरीचं पीठही मिळतं. मक्याच्या पिठाची उगाली असते, ती आपल्या उकडीसारखी पण घट्ट. धाकटा हाताने गोळे करून आवडीने खातो. त्याने तिथल्या मुलांकडून शिकून घेतलंय, अंगठ्याने गोळ्याला खळगा पाडायचा आणि त्यात भाजी घ्यायची.

शब्दही किती ओळखीचे. दुकान म्हणजे दुका, साबण म्हणजे सबुनी, हिशेब म्हणजे हेसाबू, गाडी म्हणजे गारी. सगळा अरबी-फारशी आणि समुद्रव्यापाराचा वारसा.

---

परखड_पंचवटी

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपला धर्म घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं हे मला पटत नाही. त्यात मुलांची शाळा बुडवून. गरीब देशात जाऊन खुर्च्या, खाऊ, सुतारकाम देणार आणि त्याच्यासोबत प्रार्थना. मदत करायची तर निखळ मदत करा. लेकीला जूनमध्ये परत पाठवा आणि तुम्हीही या, हे माझं मत.

---

भद्रकाली_बाळ

परखड, धागा दहावीचा आहे. तो विषय इथे नको.

---

शरणपूरची_सून

भद्रकाली_बाळ, असू द्या. त्यांनी मनातलं लिहिलं, मीही मनातलंच लिहिते.

परखड_पंचवटी, केनियात बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत. किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे आणि आमच्या शेजारणी मुसलमानच आहेत. रमजानमध्ये त्यांच्याकडून ताट येतं, नाताळात आमच्या करंज्या जातात. आमचं पथक इथल्या चर्चच्या बोलावण्यावरून येतंय. कार्यक्रमाला कोणीही यावं, बसावं, आवडलं तर ऐकावं. सुतारकाम शिकायला येणाऱ्या मुलाला कोणी त्याचा धर्म विचारणार नाही आणि प्रार्थनेला बसलंच पाहिजे असंही म्हणणार नाही. हे आम्ही पहिल्याच बैठकीत लिहून घेतलंय. कारण तुम्ही म्हणता तसं कुठे घडलं तर त्यात ज्याच्या नावाने आपण जातो त्याचाच अपमान आहे, असं मला वाटतं. पण माझा विश्वास मी लपवणार नाही. मला येशूने जे दिलं ते मी गाईन.

मुलांच्या शाळेबद्दल तुमचं म्हणणं मात्र मनाला लागलं. म्हणूनच हा धागा काढला.

---

परखड_पंचवटी

लिहून घेतलंत हे बरं केलंत. मत माझं तेच आहे, पण उत्तर आवडलं.

---

जुनी_पानं

थोडं अवांतर, पण या धाग्यात शोभेल म्हणून लिहितो. नाशिक आणि मोम्बासा यांचं नातं आजचं नाही.

शरणपूर ही मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात वसवलेली वस्ती. गुलामांच्या व्यापाऱ्यांची गलबतं इंग्रज आरमार समुद्रात अडवायचं, त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची. त्यांतल्या कित्येकांना नाशिकला शरणपूरच्या आश्रमात आणलं. तिथे ती शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, मोठी झाली. आफ्रिकेचे शोधप्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये शेवटच्या सफरीला निघाले तेव्हा त्यांच्यासोबत नाशिकची मुलं होती. जेकब वेनराइट हा नंतर १८७२ मध्ये त्यांच्या मदतीला धाडलेल्यांपैकी. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचं काळीज जिथे पुरलं तिथे प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. शव किनाऱ्यापर्यंत महिनोन्महिने खांद्यावर वाहून आणलं. एप्रिल १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं, तेव्हा जेकब तिथे हजर होता. नाशिकचा विद्यार्थी!

पुढे १८७५ च्या सुमारास शरणपूर सांभाळणारे प्राइससाहेबच मोम्बासाला गेले आणि समोरच्या किनाऱ्यावर सुटका झालेल्यांची वस्ती उभी केली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रियर टाऊन म्हणतात. नाशिकला वाढलेले लोक तिथे शिक्षक, कारागीर, उपदेशक झाले. इतिहासात त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणतात. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली.

म्हणून तुमच्या पथकातले सुतारकाका वाचून अंगावर काटा आला. नाशिकहून मोम्बासाला सुतारकाम घेऊन जाणारे ते पहिले नव्हेत.

---

मेथीचे_लाडू

बाप रे. मी तीस वर्षं शरणपूर रोडने तिबेटियन मार्केटला जाते, यातलं काही माहीत नव्हतं. शरण आलेल्यांचं पूर, हा अर्थही आज डोक्यात आला.

---

शरणपूरची_सून

जुनी_पानं, तुम्ही लिहिलंत आणि डोळे भरले. आम्ही राहतो तिथून फ्रियर टाऊन जवळच. न्याली पुलाशी जो चौक आहे त्याला केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे घंटा. गुलाम पकडणारी गलबतं येताना दिसली की ती घंटा वाजवून वस्तीला सावध करायचे. आता तिच्या भोवती मटाटू म्हणजे इथल्या मिनीबस, टुकटुक, भाजीवाल्या, मोबाइलच्या टपऱ्या. मी रोज भाजी आणायला तिथून जाते.

तिथल्या पाळकसाहेबांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा ते कागदपत्रं चाळत होते. यांनी सांगितलं, आम्ही नासिकहून आलो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, दोन खुर्च्या स्वतः ओढल्या आणि म्हणाले, मग तुम्ही पाहुणे नाही, घरचेच. नंतर आत बायकोला हाक मारून सांगितलं, नासिकचे लोक आलेत, भात जास्त टाक.

एक चूकही सांगते, कारण पथकाने ती करू नये. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की सा मोजा, म्हणजे पहिला तास. राबाईच्या महिला मंडळाने निरोप धाडला होता, शनिवारी सा न्ने. न्ने म्हणजे चार. आम्ही दुपारी चारला पोचलो. त्यांचे चार म्हणजे सकाळचे दहा. वीसेक बायका दहापासून वाट बघून घरी गेल्या होत्या. दोघी थांबलेल्या. पंगतीची ताटं एकावर एक उपडी घालून ठेवली होती आणि त्यांखाली आमच्या वाटणीचा भात, मासे, नारळाची भाजी झाकलेली. थंड झालेलं अन्न त्यांनी परत चुलीवर ठेवलं आणि आम्ही खाईपर्यंत उठल्या नाहीत. एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी रात्रभर रडले. पुढच्या शनिवारी बरोबर दहाला गेले आणि एकेकीच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांतल्या एका आजींनी माझा हात धरून सांगितलं की आता तू राबाईची वाट चुकणार नाहीस.

---

टाळ_चिपळी

वा. वाचून बरं वाटलं. आमचं घर पंचवटीत, चार पिढ्या नारदीय कीर्तन. धर्म वेगळा असला तरी विद्या एकच, म्हणून थोडं सांगतो.

परभाषेच्या श्रोत्यांसमोर पूर्वरंग लांबवू नका. आपल्याकडे निरूपण अर्धा-पाऊण तास चालतं, तिथे दहा मिनिटं पुरे. मधलं भजन मात्र मोठं घ्या, त्याला दुभाष्या लागत नाही. उत्तररंगात आख्यान असं निवडा की गोष्ट त्यांना आधीच ठाऊक असेल. तुमच्याकडे उधळ्या पुत्राचा दाखला आहे ना, तो घ्या. मग श्रोते कथेत काय होतं याकडे नव्हे, तुम्ही ती कशी सांगता याकडे लक्ष देतात.

दुभाष्याला ओवीची ओळ-ओळ भाषांतरित करू देऊ नका. रस जातो. कीर्तनकाराने प्रसंग पुरा रंगवावा, थांबावं, दुभाष्याने तो आपल्या बोलीत सांगावा, मग पद. आणि ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, स्वाहिलीत बसवा. लोक ध्रुपद धरू लागले की कीर्तन त्यांचं होतं.

दुभाष्या लहान वयाचा असला तरी चालेल, पण त्याने तालमीला बसलं पाहिजे. ऐन वेळचा दुभाष्या कीर्तन बुडवतो.

---

नगरची_आत्या

टाळ_चिपळी, छान लिहिलंत. आमच्या अहिल्यानगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं उपासनेत आणलं. त्यांचं म्हणणंच हे होतं की ख्रिस्त मराठी माणसाला मराठी सुरात भेटावा.

आणि लेकीच्या प्रश्नावरून लक्ष्मीबाई आठवल्या. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मग काही वर्षं दोघं वेगळी राहिली. घरातल्या एकाला हाक येते, बाकीच्यांनी काय सोसलं ते लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. सूनबाई, हाक तुम्हा दोघांना आली असेल. लेकीला आली आहे का, हे बघा.

---

टाकळीचा_तबला

तबल्याबद्दल. समुद्रकाठच्या दमट हवेत पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. दोन तबले न्या, एक वरच्या पट्टीचा. वाद्यांच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. उघड्यावर ठेवू नका, कार्यक्रमाच्या तासभर आधीच बाहेर काढा आणि तिथेच सुरात आणा. पेटीचा भाता रोज हलवायचा. हातोडी हातातल्या बॅगेत ठेवलीत तर विमानतळावर काढून घेतील, ती मोठ्या बॅगेत. माझी एक गेलीय, वडिलांची होती, अजून वाईट वाटतं.

---

वसतिगृहातली_मी

हा धागा तीन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझे आईवडील दोघेही मिशनच्या दवाखान्यात. आठव्या वर्षी मला वसतिगृहात ठेवलं, का तर त्यांच्या गावात शाळा नव्हती. त्यांनी हजारो माणसांची सेवा केली. आजही कोणी भेटलं की सांगतं, तुझ्या आईने माझं बाळंतपण केलं. मला त्यांचा अभिमान आहे आणि हे मी त्यांना सांगितलंय.

पण एक गोष्ट अजून बोचते. मला कोणी विचारलं नाही. ट्रंकेवर माझं नाव पांढऱ्या रंगाने लिहिलं तेव्हा मला कळलं. बाबा ब्रश धुत होते आणि मी विचारलं, ही कोणाची ट्रंक? शाळा चांगली होती, बाई चांगल्या होत्या. मैत्रिणी तर जन्माच्या मिळाल्या. तरी ते पांढरं नाव डोळ्यांसमोरून जात नाही.

तुम्ही इथे आम्हाला विचारलंत. तिला विचारलंत का? "तुला काय वाटतं बाळा" असं जाता जाता नव्हे. बसून, चहा करून, ती जे म्हणेल ते करायची तयारी ठेवून.

---

मेथीचे_लाडू

(काही लिहवत नाही. तुम्हाला मिठी.)

---

वर्गशिक्षिका_सिडको

दहावीचं व्यवहाराने सांगते, पस्तीस वर्षं शिकवलंय.

राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म असतो, खासगी विद्यार्थी म्हणून. ऑनलाइन भरायचा, जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. पण त्यातही शाळेत जाऊन करायची कामं असतात आणि परीक्षा इथेच येऊन द्यायची. कागदोपत्री जमेल. पण अभ्यासाचं काय? नऊ महिने वेगळा अभ्यासक्रम झालाय, मराठी आणि इतिहास-भूगोल मागे पडले असणार. गणित-विज्ञान ती सांभाळून घेईल. एकटीने परदेशात बसून मराठीचं व्याकरण आणि उपयोजित लेखन कोण करून घेणार?

माझं मत, जूनला शाळेत दाखल करा, जुन्याच शाळेत, जुन्या मैत्रिणींत. दाखल्यासाठी तिकडच्या शाळेची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सही-शिक्क्यानिशी आणा, आणि आपल्या मुख्याध्यापकांना आजच फोन करा. मार्चमध्ये विचारलं तर जागा असते, जूनमध्ये विचारलं तर प्रत्येक जण हात वर करतो.

पण एकटी पाठवू नका. दहावीच्या वर्षात पोरीला आईबापांपैकी एक जण तरी घरात लागतो. आजी जेवू घालेल, रात्री अकराला भूमितीपाशी बसणार नाही.

---

दूरदेशी

वर्गशिक्षिका यांच्याशी सहमत. आमच्या मुलाला आम्ही आठवीत परत पाठवलं, दोघंही तिकडेच राहिलो. भारत अडीच तास पुढे. आमची कामं संपून फोन करायचो तोवर तो झोपलेला. शनिवार-रविवार सोडून तो आमच्याशी बोललाच नाही म्हणा. कोणी एकाने सोबत जावंच.

---

सातपूरकर

नवऱ्याचं काम ऑनलाइन आहे ना? मग नाशिकमधूनही होईल. त्यांनी लेकीबरोबर यावं. ऑगस्टपर्यंत ताई आणि धाकटा तिकडे.

---

शरणपूरची_सून

पाच दिवसांनी लिहितेय, क्षमा करा. मध्ये धावपळ झाली. पथकासाठी राखून ठेवलेल्या एका अतिथिगृहाने आमच्या खोल्या दुसऱ्यांना दिल्या, विचारायला गेलो तर नोंदच नाही म्हणाले. आगाऊ रकमेची पावती होती म्हणून पैसे मिळाले, खोल्या नाही. आता फ्रियर टाऊनच्या घरांतच सगळ्यांची सोय होतेय. पाच घरांनी स्वतःहून दार उघडलं.

वसतिगृहातली_मी, तुमचं लिखाण मी यांना वाचून दाखवलं. मग रविवारी दुपारी चहा केला आणि लेकीला घेऊन मागच्या ओसरीवर बसलो. मला वाटलं होतं ती रडेल, मला घरी पाठवा म्हणेल, किंवा उलट, इथेच राहते म्हणेल. तिने आधी विचारलं, "दुभाष्या कोण आहे?"

सांगायला हवं, आमच्या चौघांत स्वाहिली सगळ्यांत चांगली तिचीच. आम्ही अजून नमस्कार-चमत्काराच्या पुढे गेलेलो नाही आणि ती चर्चच्या मुलींबरोबर भांडतेसुद्धा. मोठ्यांना शिकामू म्हणायचं आणि त्यांनी मराहाबा म्हटल्याशिवाय पुढे बोलायचं नाही, हे तिने आम्हाला शिकवलं. दुभाष्याचं काम पक्कं कोणाकडे नव्हतं, तिथल्या एका तरुण शिक्षकाला विचारलं होतं, पण त्याला मराठी कुठून येणार? तो इंग्रजीवरून करणार होता.

तिचं म्हणणं असं. तिला दहावी नाशिकलाच द्यायचीय, मैत्रिणींबरोबर, ते तिने कधीच ठरवलं होतं, आम्ही वाईट वाटून घेऊ म्हणून बोलली नव्हती. पण मंडळी तर जूनपासून नाशिकलाच तालीम करणार आहेत ना? मग त्यांना स्वाहिली शिकवायला तिथे कोणी आहे का? टाळ_चिपळी यांनी लिहिलेलं तिने स्वतः वाचलं होतं. दुभाष्याने तालमीला बसलं पाहिजे, हे वाक्य तिने मलाच वाचून दाखवलं.

तर असं ठरतंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात हे आणि लेक नाशिकला जातील. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं, जागा आहे. दर शनिवारी संध्याकाळी दोन तास ती पथकाची स्वाहिली घेईल. नमस्कार, आभार, पाणी हवंय, जेवण छान झालं, माझी आई घरी आहे, एवढ्यापासून सुरुवात. आख्यानातला प्रत्येक प्रसंग ती स्वाहिलीत लिहून काढेल. ते इथले शिक्षक तपासतील आणि ऑगस्टमध्ये तेच मंचावर सांगतील. शनिवारचे दोन तास सोडले तर बाकी सगळा वेळ दहावीला, ही वर्गशिक्षिकांच्या वतीने मीच घातलेली अट. मी आणि धाकटा पथक परतेपर्यंत इथे.

मला आवडलंय का? नाही. दोन-अडीच महिने घर दोन ठिकाणी असेल आणि पथकाने फ्रियर टाऊनला पहिलं पद म्हटलं की ती तिथे नसेल. हे मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, ध्रुपद माझं असेल ना आई.

---

वसतिगृहातली_मी

तुम्ही विचारलंत. धन्यवाद.

---

परखड_पंचवटी

लेक हुशार आहे. वर्गाला जागा लागणार असेल तर आमच्या इमारतीचा खालचा हॉल शनिवारी रिकामा असतो. भाडं नको.

---

टाळ_चिपळी

ध्रुपद बसवायला मी येईन. शब्द तिचे, चाल आपण मिळून पाहू. स्वाहिलीत शब्दाचा भर शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो असं वाचलंय, तालात ते जपावं लागेल. आधी तिच्या तोंडून ऐकायला हवं.

---

शरणपूरची_सून

बरोबर आहे, भर तिथेच असतो. तिने ध्रुपदाचं पहिलं टिपण गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर देवनागरीत केलंय, भराच्या अक्षरांखाली लाल रेघ. फोटो पाठवते.

काल राबाईच्या बायकांना सांगायला गेले की लेक जूनमध्ये जाणार. त्याच आजींनी आतून एक नवी कांगा आणली. इथल्या या सुती कापडावर काठाशी एक वाक्य छापलेलं असतं. हिच्यावर होतं, म्गेनी न्जो, म्वेन्येजी आपोने. पाहुणा येवो म्हणजे यजमानाला बरं वाटेल. आजी म्हणाल्या, नासिकला तालीम करतील तिथे भिंतीला लाव.

परखड_पंचवटी, तुमच्या हॉलच्या भिंतीला खिळा आहे का?

---

परखड_पंचवटी

दोन आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.